शिबिराहून लेकरू काय घेऊन येते?

वैशाख लागला की आपल्या परभणीत दोन गोष्टी हमखास होतात. पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि मुले आईच्या डोक्यावर बसतात. बाहेर सोडावे तर ऊन, घरात ठेवावे तर भांडणे, नाहीतर तो मोबाइल. अशा वेळी कुणीतरी एक रंगीत पत्रक आणून देते. 'उन्हाळी संस्कार शिबिर. दहा दिवस. राहण्या-जेवण्याची उत्तम सोय.' मग आपण काय चौकशी करतो? फी किती, जेवण कसे, मुलींची झोपायची सोय वेगळी आहे ना? एवढे कळले की आपले समाधान होते. खोटे कशाला सांगू, मीही एवढेच विचारले होते.

माझी धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. शिबिराहून आली, बॅग उघडली. वर मळके कपडे, मध्ये गुंडाळी केलेले प्रमाणपत्र आणि तळाला मी दिलेला लाडवांचा डबा, जसाच्या तसा. "काय शिकलीस गं?" विचारले, तर तिने एक श्लोक घडाघडा म्हणून दाखवला. ह्यांनी कौतुकाने पाठ थोपटली. मलाही बरे वाटले.

रात्री गच्चीवर अंथरुणे टाकली तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मला नको पाठवू." खोदून खोदून विचारले तेव्हा कळले. तिसऱ्या दिवशी तिला तो श्लोक आठवला नव्हता. सगळ्या मुलांसमोर तिला उभे केले होते आणि बाकीच्यांना तिच्याकडे पाहून हसायला सांगितले होते. लाडू तिने त्या दिवसापासून खाल्लेच नव्हते.

"श्लोक कशावर होता गं?" मी विचारले.

"दुसऱ्याचं मन दुखवू नये, यावर."

आता सांगा, माझ्या लेकीने तिथून काय आणले? श्लोक आणला की ते हसणे आणले? त्या शिबिराचे नाव मी इथे लिहीत नाही. त्या माणसांच्या मनात वाईट काही नव्हते, हेही मला ठाऊक आहे. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

शेवटी मी मुंबईच्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीला फोन लावला. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती बेने इस्राएल, म्हणजे आपली मराठी ज्यू. त्यांच्या समाजातल्या मुलांच्या शिबिरांत तिने पुष्कळ वर्षे 'ताई' म्हणून काम केले आहे. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अगं, शिबिरात शिकवण्याचे तास किती असतात, ते नको विचारूस. दिवस कसा लावलाय, ते विचार. मुलं तासाला सांगितलेलं विसरतात. आपण कसं वागलो, तेच घेऊन घरी जातात."

त्यानंतर आम्ही बऱ्याचदा बोललो. मी थोडे वाचलेही. त्यातले तुम्हाला सांगावेसे वाटले, म्हणून हा लेख.

शनवार तेल्यांची घरे

ज्यू म्हटले की आपल्याला कुठली तरी परदेशी माणसे आठवतात. पण बेने इस्राएल शेकडो वर्षे आपल्या कोकणात राहिले आहेत. बोलणे मराठी, बायकांचे नेसणे नऊवारी आणि आडनावे गावांवरून पडलेली, केहिमकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर अशी. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची कथा आहे. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी मात्र घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

नवल पुढेच आहे. या लोकांजवळ शतकानुशतके ना धर्मग्रंथ होता, ना धर्मगुरू. हिब्रू भाषाही विसरली होती. प्रार्थनेतले 'शेमा' एवढे शब्द मुखोद्गत राहिले होते आणि तेच सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी म्हणत. सगळे पुसले जायला एवढे पुरे होते. पण पुसले गेले नाही. शनिवारची विश्रांती, मुलग्याची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खाणे, अशा घरातल्या गोष्टींनी धर्म टिकवला. सणांना नावेही मराठी, नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. नावात वालाचे बिरडे आले, यावरून ओळखा, धर्म कुठे सांभाळला गेला ते. तुमच्या-माझ्यासारख्या बायकांच्या स्वयंपाकघरात!

पुढे शाळा झाल्या, छापील पुस्तके झाली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदुरी शाळा ती हीच. १८७४ मध्ये पुण्यात 'हग्गादा' हे त्यांच्या पेसाह सणाचे पुस्तक मराठी अर्थासह छापले गेले. त्यातल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या लाटताना-भाजताना दिसतात.

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि पुढे यांतली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आज भारतात सगळे ज्यू मिळून पाचेक हजारच असतील. वर्गात आपल्या धर्माचे दुसरे मूल नाही, गल्लीत दुसरे घर नाही. अशा लेकरांना 'आपण कोण' हे कसे कळावे? म्हणून त्यांना शिबिरांची गरज वाटते. त्यांच्या आयांचा आणि आपला प्रश्न तसा एकच. मूल घराबाहेर पडले की घरचे काय बरोबर नेईल?

शिबिरे कशी सुरू झाली

ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांची चाल वाढली ती अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत राहणाऱ्या गरीब मुलांना चार दिवस मोकळी हवा मिळावी, एवढाच सुरुवातीचा हेतू. 'सरप्राइज लेक कँप' हे शिबिर १९०२ मध्ये निघाले, ते अशांपैकीच. मग लक्षात आले की वर्षभर वर्गात बसवून जे मुलांच्या अंगी लागत नाही, ते शिबिरात एका महिन्यात लागते. १९४७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात 'कँप रामा' सुरू झाले, ते भाषा आणि धर्म रोजच्या जगण्यातून शिकवायचा, या उद्देशानेच.

पण माझ्या मनाला लागली ती हंगेरीतल्या सारवाश गावच्या शिबिराची गोष्ट. पूर्व युरोपात आधी हिटलरच्या काळात लाखो ज्यू मारले गेले आणि जे उरले, त्यांना पुढच्या राजवटीत आपला धर्म झाकून ठेवावा लागला. कित्येक घरांत आईबापांनी मुलांना आपण ज्यू आहोत, हेही सांगितले नव्हते. ती राजवट गेल्यावर १९९० मध्ये सारवाशला शिबिर सुरू झाले. अनेक देशांची मुले तिथे येतात. भारतातलीही मुले गेली आहेत. तिथे मुले शुक्रवारच्या मेणबत्त्या लावायला शिकली आणि घरी जाऊन त्यांनी आपल्या आईला त्या कशा लावायच्या, ते दाखवले! संस्कार वरून खाली येतात, असे आपण धरून चालतो. इथे ते खालून वर गेले.

दिवस कसा लावतात

मैत्रिणीला मी म्हटले, "मला सकाळपासून सांग." तिने सांगितले ते असे.

जेवणाआधी हात धुवायचे, ते धर्माचे कृत्य म्हणून. नळ सोडून नाही, तांब्याने आळीपाळीने दोन्ही हातांवर पाणी ओतून. पेलाभर पाण्यात काम होते. नळाची वाट बघत बसणाऱ्या आपल्या गावाला हे वेगळे सांगायला नको. जेवणाआधी अन्नाचे आभार, आणि जेवण झाल्यावर पुन्हा मोठी आभाराची प्रार्थना, सगळ्यांनी मिळून, टेबलावर ताल धरून. आपण 'वदनी कवळ' म्हणतो ते भूक असताना. पोट भरल्यावर आभार मानणे जरा अवघड, नाही का?

नासाडी करायची नाही, हा त्यांचा जुना दंडक आहे. शत्रूच्या गावाला वेढा घातला असला, तरी फळझाडे तोडू नयेत, असे त्यांचे धर्मशास्त्र सांगते. जाणत्या लोकांनी त्याचा अर्थ वाढवून, कुठलीच उपयोगाची वस्तू वाया घालवू नये, असा नियम केला. काही शिबिरांत जेवणानंतर ताटातले उष्टे चक्क तोलतात. कुणा एकाचे नाही, सगळ्यांचे मिळून. कालच्यापेक्षा आज कमी भरले की टाळ्या!

दानाची पेटी असते. त्यांच्या भाषेत दानाला 'त्सेदाका' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी दया नाही, न्याय आहे. ज्याचे त्याला देणे. बाराव्या शतकातले त्यांचे मोठे विद्वान मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही फार वरची पायरी. समोरच्याला स्वतःच्या पायावर उभे करणे ही सगळ्यांत वरची. म्हणून पेटीत कुणी किती टाकले, याचा फळा लागत नाही.

आणि शुक्रवारची संध्याकाळ! दुपारपासून झाडलोट, आंघोळी, स्वच्छ कपडे. बऱ्याच शिबिरांत त्या दिवशी पांढरे कपडे घालतात. सूर्य मावळण्याआधी मेणबत्त्या लागतात. द्राक्षरसाचा प्याला फिरतो. आपले बेने इस्राएल त्यासाठी मनुका भिजवून सरबत करतात. आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. शिबिरात ते ताई-दादा देतात. मग शनिवारी स्पर्धा नाही, शिट्टी नाही, घाई नाही. संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की वेणी घातलेली मेणबत्ती पेटवायची, लवंग-दालचिनीचा वास घ्यायचा आणि नव्या आठवड्याला लागायचे. सहा दिवस काम जितके महत्त्वाचे, तितकीच सातव्या दिवसाची विश्रांती. रविवारी दुप्पट राबणाऱ्या माझ्यासारखीने यावर काय बोलावे?

मला थांबवणारी गोष्ट

हे सगळे ऐकताना मी 'वा, छान' म्हणत होते. मग मी तिला विचारले, "पण एखाद्या मुलाला प्रार्थना पाठ नसली, तर तुम्ही काय करता?"

ती म्हणाली, "शेजारी पाठ असलेलं बसवतो. दोघांनी मिळून म्हणायची."

आणि मग तिने सांगितले. त्यांच्या तालमूद ग्रंथात चारचौघांत कुणाची मान खाली घालायला लावणे हे रक्त सांडण्यासारखे पाप मानले आहे. का? तर लाजेने माणसाच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरते आणि चेहरा पांढरा पडतो. रक्त सांडले ते दिसले नाही, एवढेच.

मी फोन कानाला धरून गप्प बसले. नऊ वर्षांच्या माझ्या लेकीचा चेहरा त्या दिवशी असाच पांढरा पडला असेल.

तिने आणखी एक सांगितले. पेसाहच्या रात्री सगळे घर जेवायला बसते, तेव्हा सुरुवात घरातले सगळ्यांत लहान मूल करते. ते प्रश्न विचारते, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग मोठी माणसे उत्तर म्हणून गुलामीतून सुटकेची सगळी कथा सांगतात. म्हणजे त्यांच्या घरात पाठ म्हणणाऱ्या मुलापेक्षा विचारणाऱ्या मुलाचा मान मोठा. शिबिरातही तेच. प्रश्नाला हसायचे नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे नाही का हे? आहे तर! आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. ती कुठल्या शिबिराला गेली होती? नामदेवांच्या घरी दळले, कांडले, झाडले आणि त्यातच तिला विठ्ठल भेटला. धर्म जात्यापाशी असतो, हे आपल्या मातीला शेकडो वर्षे ठाऊक आहे. लेकरांसाठी शिबिर काढताना मात्र आपण जाते विसरतो आणि माइक आणतो.

मग आपण काय करायचे?

पुढच्या उन्हाळ्यात वसमत रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीतल्या सहा जणींनी ठरवले. आपणच पाच दिवसांचे शिबिर घ्यायचे. वेळ सकाळी सात ते दहा, ऊन तापायच्या आत. रोज एकीच्या घरी. समोरच्या भाभींची दोन मुले धरून अकरा लेकरे जमली. खर्च म्हणाल तर पोहे, ताक आणि थोडा रंगीत कागद. आम्ही केले ते सांगते, जमले तर तुम्हीही करून पाहा.

प्रत्येक मोठ्या मुलाकडे एक लहान दिले. त्याचे पाणी, चपला, रुसवे-फुगवे, सगळे त्याने बघायचे. पहिला-दुसरा नंबर कशातच काढला नाही. ताटात टाकायचे नाही, हवे तर पुन्हा घ्यायचे. कोपऱ्यावर मुलांनी एक रांजण ठेवला. रोज भरायचा, झाकायचा, बाजूला पक्ष्यांसाठी परळ ठेवायचे. एका बाबांनी हौसेने 'बालगोपाळ पाणपोई' अशी पाटी करून आणली. मुलांनीच ती परत दिली. "नाव नाही लावायचं काका," म्हणाली. भाजीवाली मावशी रोज त्या रांजणातले पाणी पिऊन जायची. ते कुणी भरले, हे तिला आजही ठाऊक नाही.

शेवटच्या दिवशी मोबाइल मोठ्यांचेही बंद. आयांचेही, बाबांचेही! पहिला तास जड गेला. मग पत्ते निघाले, आजीच्या गोष्टी निघाल्या. रोज शेवटची पंधरा मिनिटे प्रश्नांची. एकाने विचारले, "उन्हाळ्यात देवालापण घाम येतो का?" माझे हसू ओठावर आले होते, ते मी गिळले. मग भाभींनी, आजींनी आणि मुलांनी मिळून त्यावर चांगला वेळ घालवला.

माझी धाकटी पहिले तीन दिवस मागेच बसत होती. चौथ्या दिवशी गोष्ट सांगायला उठली आणि मध्येच अडकली. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात भाभींचा मोठा मुलगा म्हणाला, "थांब, मला पण पुढचं आठवत नाही. दोघं मिळून आठवू." आणि दोघांनी गोष्ट पुरी केली. भलताच शेवट केला, ते सोडा.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने स्वतःहून लाडवांचा डबा काढला आणि दोन लाडू खाल्ले.

आता, सगळ्याच जणींना घरी शिबिर घेणे जमेल असे नाही. बाहेर पाठवायला हरकत नाही. चांगली शिबिरेही पुष्कळ आहेत. पण फी आणि जेवण विचारून झाले की आणखी चार गोष्टी विचारा.

एक, मुलाला एखादी गोष्ट आली नाही तर तुम्ही काय करता?

दोन, वाढणे, झाडणे, भांडी घासणे यांत मुलांचा हात असतो का? आणि मुलग्यांचाही असतो का?

तीन, दिवसात मोकळा वेळ किती?

चार, मुलांनी प्रश्न विचारायची वेळ कोणती?

उत्तर देताना समोरचा माणूस चिडला, तर तेही उत्तरच समजा.

आणि लेकरू परत आले की लगेच 'काय शिकलास, म्हणून दाखव' असे म्हणू नका. बॅग आपल्या हाताने उघडा. डबा रिकामा आहे का, बघा. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यावरून हात फिरवत विचारा, "तिथं तुझ्याशी सगळे कसे वागले रे?" त्याने तिथून काय आणले, ते तेव्हाच कळेल.